उन्हाळ्यातील तापमानाच्या नोंदींमधील तफावतीबाबत निवेदन

कसबा पेठ, पुणे ४११०११
दि. १४ जून २०२४

प्रति,
मा. कार्यालयप्रमुख,
भारतीय हवामान विभाग,
शिवाजीनगर, पुणे ४११००५

प्रत कार्यवाहीसाठी : मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका, मा. जिल्हाधिकारी, पुणे

विषय : स्वयंचलित केंद्रांची पडताळणी, चुकीच्या आकड्यांची जाहीर नोंद आणि जुन्या पेठांतील स्वतंत्र मोजणी.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे कसबा पेठेतील रहिवासी, दुकानदार आणि तांबट आळीतील कारागीर आहोत. पाऊस आल्यावर उन्हाचे गाऱ्हाणे कसले, असे कोणी म्हणेल. पण एप्रिलमध्ये आपल्या कार्यालयाला सवड नसते आणि पुढचा उन्हाळा येण्याआधी सेन्सर तपासायचे तर हेच महिने हाताशी आहेत.

२९ मे रोजी दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस दाखवले. त्याच दिवशी दिल्लीतल्याच सफदरजंग केंद्रावर ४६.८ होते. आपल्याच विभागाच्या तपासणीत मुंगेशपूरचा सेन्सर प्रमाणित उपकरणापेक्षा ३ अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले. दुसऱ्या दिवशी नागपुरात, रामदासपेठेतील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जागेतील केंद्राने ५६ अंश दाखवले. वर्धा रस्त्यावरील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या आवारातील केंद्रावर आकडा ४४ होता. सेन्सर बिघडल्याचा खुलासा लगेच झाला, त्याबद्दल आम्ही आभारीच आहोत. पण या दोन्ही चुका सापडल्या, त्या आकडे अचाट होते म्हणून. ५६ वाचून शाळकरी मुलालाही शंका येते. सेन्सर दीडच अंशाने चुकला तर ४०.५ च्या जागी ४२ दिसेल, नाहीतर ३९. पुण्याच्या उन्हाळ्यात हे दोन्ही आकडे खपून जातात.

दीड अंश किरकोळ वाटतो, तसा तो नाही. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असावे, किंवा थेट ४५ गाठावे, तेही उपविभागातील दोन केंद्रांवर सलग दोन दिवस, तेव्हा उष्णतेची लाट जाहीर होते. एप्रिल-मेमध्ये पुण्याची सरासरी ३८ च्या आसपास असते. या ३० एप्रिलला शिवाजीनगरला ४१.८ अंशांची नोंद झाली. २०१९ च्या २८ एप्रिलला तिथेच ४३ अंश होते, म्हणजे १८९७ च्या ४३.३ च्या विक्रमाला जवळजवळ टेकलेले. तरीही यंदाचे ४१.८ लाटेच्या निकषात बसत नाहीत. अंशभर जास्त असते तर बसण्याच्या बेतात आले असते. दवाखान्यातील खाटांपासून रस्त्यावरच्या कामांच्या वेळांपर्यंत बरेच काही त्या घोषणेवर अवलंबून राहते.

शहराचा म्हणून वर्तमानपत्रांत जो आकडा छापला जातो, तो शिवाजीनगरचा. कोरेगाव पार्क आणि वडगाव शेरीचे आकडे त्याहून चढे असतात, पाषाण आणि एनडीएचे बहुधा उतरते. ही तफावत चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. शहर सगळीकडे सारखे तापत नाही. मात्र यातला कोणता फरक जागेचा आणि कोणता उपकरणाचा, हे नागरिकाला कळायला मार्ग हवा. म्हणून प्रत्येक केंद्राच्या आकड्यासोबत तो माणसाने वाचलेला आहे की स्वयंचलित, कच्चा आहे की तपासलेला, आणि सेन्सरची शेवटची पडताळणी कोणत्या तारखेला झाली, हे छापावे. ही आमची मुख्य मागणी आहे. चुकीचा ठरलेला आकडा गुपचूप पुसू नये. मूळ आकडा, दुरुस्त आकडा आणि कारण, तिन्ही नोंदीत राहावेत. पुसलेल्या आकड्यापेक्षा खोडलेला आकडा अधिक विश्वासाचा, हे हिशेबाच्या वह्या ठेवणाऱ्या आमच्या पेठेला कोणी शिकवायला नको.

दुसरी मागणी पेठेची. वेधशाळेचा तापमापक लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर, मोकळ्या गवताळ जागेत असतो. असली जागा कसब्यात दाखवा म्हटले तर आम्हालाच दाखवता येणार नाही. तांबट आळीत भट्टीशेजारी, पत्र्याखाली दिवसभर तांबे ठोकणाऱ्याला शिवाजीनगरचा आकडा लागू पडत नाही. आमच्यापैकी काहींनी घरात तापमापक टांगले आहेत, पण ते आकडे पुरावा म्हणून आम्ही जोडलेले नाहीत. भिंतीवरचा तापमापक बरेचसे भिंतीचेच तापमान सांगतो. शहरी वस्तीतील निरीक्षणांसाठी जागतिक हवामान संघटनेने वेगळ्या मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्यांनुसार पेठेतील महापालिकेच्या एखाद्या जागेत ‘शहरी केंद्र’ अशी स्पष्ट ओळख देऊन एक केंद्र बसवावे. जागा आणि वीज महापालिकेने द्यावी, देखरेख आपण करावी. त्याचा आकडा प्रमाणित नोंदींत मिसळू नये.

या केंद्रावर रात्रीचे किमान तापमान अवश्य जाहीर व्हावे. सिमेंटचे स्लॅब मध्यरात्रीपर्यंत निवत नाहीत आणि म्हाताऱ्या माणसांचे हाल रात्री जास्त होतात. महापालिकेच्या आरोग्य विभागाने उष्माघाताच्या रुग्णाची नोंद करताना त्या दिवशीचे जवळच्या केंद्राचे कमाल आणि किमान, दोन्ही आकडे लिहावेत.

१९२८ ते १९४४ या काळात देशाच्या हवामान खात्याचे मुख्यालय पुण्यात होते. त्या कार्यालयाचे ‘सिमला ऑफिस’ हे नाव पुणेकरांच्या तोंडी अजून आहे. त्या शहरातील केंद्रांची पडताळणी फेब्रुवारी २०२५ अखेर पूर्ण करून तिचा तक्ता जाहीर करावा आणि या निवेदनाला लेखी उत्तर द्यावे, ही विनंती. आपण बोलवाल तेव्हा आमचे प्रतिनिधी चर्चेला येतील.

आपले,
कसबा पेठेतील रहिवासी, व्यावसायिक व कारागीर
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)