विश्लेषण : चूक दुरुस्त केली, तरी ॲपमध्ये जुनाच कोड कसा जातो?

संकेतस्थळावरील चूक दुरुस्त झाल्याचा निरोप येतो, आपण फोनवर पाहतो तर चूक जागच्या जागी. प्रोग्रामरने दुरुस्ती खरेच केलेली असते; पण कधी कधी ती नव्या पॅकेजपर्यंत पोहोचलेलीच नसते. अंधेरीच्या सीप्झसारख्या, परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर तयार होणाऱ्या ठिकाणी यात घड्याळाचाही घोळ असू शकतो.

साधन काय पाहते?

वेब ॲप म्हणजे शेकडो-हजारो फाइल. त्या जोडून पॅकेज बांधण्याचे काम ‘बिल्ड’ साधन करते. दर वेळी सगळे नव्याने बांधणे वेळखाऊ, म्हणून बदललेल्या फाइलच घेतल्या जातात. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिले, तेही याच त्रासातून. त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ आधीच दुरुस्त झालेली चूक शोधण्यात गेली होती. दुरुस्त फाइल कंपाइलच झाली नव्हती! ‘मेक’चा नियम सोपा : मूळ फाइलची वेळ तयार फाइलच्या वेळेनंतरची असेल तरच पुन्हा बांधा.

मग घोळ कुठे होतो?

समजा, हिवाळ्यात लंडनमध्ये दुपारी १२.३० वाजता फाइल दुरुस्त झाली. अंधेरीत तेव्हा संध्याकाळचे ६ वाजलेले असतात. फाइल झिप करून इकडे आली. झिपच्या मूळ रचनेत स्थानिक वेळ नोंदवली जाते, टाइम झोन नाही. त्यामुळे अंधेरीतही त्या फाइलवर १२.३०च दिसतात. इथला आधीचा बिल्ड दुपारी ३ चा असेल, तर साधनाच्या लेखी दुरुस्ती ‘जुनी’ ठरते. ते काहीच करत नाही आणि चुकीचा संदेशही दाखवत नाही. उलट दिशेने गेलेली फाइल ‘भविष्यातली’ दिसते. तिथे विनाकारण पुन्हा पुन्हा बांधणी होते, पण त्यात नुकसान फक्त वेळेचे. (अनेक नवी झिप साधने जागतिक वेळही नोंदवतात, म्हणून हे नेहमी घडत नाही.)

उपाय काय?

वेळेऐवजी मजकूर पाहणे. ‘ग्रेडल’, ‘बेझल’ ही साधने फाइलच्या मजकुरावरून ‘हॅश’ म्हणजे आकडी ठसा काढतात. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो; घड्याळाचा संबंध उरत नाही. मात्र त्यासाठी फाइल पूर्ण वाचावी लागते. म्हणून काही साधने आधी आकार आणि वेळ पाहतात, शंका आली तरच ठसा काढतात.

काढून टाकलेल्या फाइलचे काय?

ही जास्त धोक्याची बाजू. साधन फक्त असलेल्या फाइल तपासत असेल, तर वगळलेली फाइल तयार फोल्डरमध्ये पडून राहते आणि पुढच्या पॅकेजमध्ये जाते. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या जावा लायब्ररीतील गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा जगभर नवी आवृत्ती बसवण्याची धावपळ झाली. अशा वेळी यादीत नवी आवृत्ती लिहूनही जुनी फाइल फोल्डरमध्ये उरली, तर त्रुटी पॅकेजमध्ये तशीच राहते. म्हणून रिलीजआधी ‘क्लीन’ आज्ञा देऊन तो फोल्डर रिकामा करतात. त्याने बिल्ड लांबतो, आणि संध्याकाळी लोकल गाठण्याच्या घाईत हीच पायरी गाळण्याचा मोह होतो.