घरातले दोन वेताळ

चित्रांची पुस्तके वाचून मुले बिघडतात, ही तक्रार मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तक्रार करणाऱ्या पालकांना मी एकच विचारतो, ते पुस्तक तुमच्या घरात वाचते कोण? एकटे मूल की सगळे घर? आमच्या परंड्याच्या घरी १९७० नंतरच्या वर्षांत कॉमिक येई, ते मुलांच्या हाती पडण्याआधी थोरामोठ्यांच्या गाळणीतून जाई. वाचनाची गोडी आम्हांला लागली ती त्या गाळणीपाशीच.

काका आठवड्याला बाजारासाठी एस.टी.ने बार्शीला जात. येताना पिशवीत मिरच्या, गूळ, आणि त्यांखाली दडवलेली दोन-तीन पुस्तके! दडवलेली अशासाठी, की अण्णांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, कायदा कडक होता. चांदोबा चालेल, अमर चित्रकथा चालेल, इंद्रजाल बिलकूल नाही. एकात पुराण, दुसऱ्यात ठोसाठोशी! गंमत अशी, की १९६४ साली मुंबईत इंद्रजाल कॉमिक्स निघाली तेव्हा त्या उद्योगात अनंत पै होते, आणि १९६७ साली अमर चित्रकथा सुरू केली तीही त्यांनीच. पण हे अण्णांच्या काय, आमच्याही कानी तेव्हा आले नव्हते.

शेवटी काकांनीच तोड काढली. जे वाचायचे ते ओसरीवर, मोठ्याने. अण्णा आत हिशेब लिहीत बसत, कान बाहेर. पहिल्याच दिवशी ताईने ‘वेताळ’ असे नाव वाचले मात्र, आणि आजी स्वयंपाकघरातून धावत आली.

“दिवेलागणीला त्याचं नाव काढू नका रे!”

आजीचे काय चुकले? तिला ठाऊक असलेला वेताळ गावाबाहेरचा, भुतांचा राजा. चांदोबातला वेताळ प्रेतात शिरून विक्रमाच्या खांद्यावर बसणारा. आणि हा तिसराच, अमेरिकेच्या ली फॉक यांनी १९३६ साली जन्माला घातलेला फँटम, मराठीत येताना नेमके तेच नाव घेऊन आला! मग घरापुरते त्याचे बारसे झाले. तो ‘मुखवटेवाला’. आम्ही वाचताना नाव बदलून वाचू लागलो, आणि आजी दळण निवडत शेजारी बसू लागली.

तिला अक्षरओळख नव्हती. चित्रे मात्र ती आमच्याहून बारकाईने बघे. “ही बाई रडतीय, अन् तुम्ही सरळ पुढं कसं गेलात?” असे म्हणून ती पान मागे उलटायला लावी. दुपारी आम्ही शाळेत असताना तीच पुस्तके घेऊन ती शेजारणींना गोष्टी सांगे. छापील गोष्टीशी त्यांचा संबंध थोडाच! तिच्या गोष्टीत राक्षसालाही आई असे. ताई म्हणे, आजीची जास्त चांगली आहे.

आजोबांची तऱ्हा वेगळी. निजामाच्या राज्यात मराठी चार बुके झाली, की पुढचे शिक्षण उर्दूत. उर्दू वर्तमानपत्र ते घडघडा वाचत. मराठी वाचताना मात्र ओळीखाली बोट लागे. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, पुढे कचेरीचे कागद मराठीत येऊ लागले, आणि हा शिकलेला माणूस उतारवयात अडाण्यासारखा अडखळू लागला. कुणापाशी बोलले नाहीत ते. चांदोबाची अक्षरे ठळक, वाक्ये सोपी. मद्रासेत छापलेल्या त्या मासिकावर आमच्या आजोबांनी आपली मराठी पुन्हा घडवली. एखादे जोडाक्षर अडले, की मला विचारीत, “बाळ, हे काय रे?” सात वर्षांच्या पोराला! त्या एका प्रश्नासाठी मी आदल्या रात्री सगळा अंक वाचून तयार राही.

इंद्रजाल १९९० साली बंद पडले. चांदोबाही पुढे थांबला. आमच्याकडचे चांदोबाचे अंक आजोबांनी वर्षावार शिवून, खाकी पुठ्ठा घालून ठेवले आहेत. पुठ्ठ्यावर साल त्यांनी उर्दूत घातले आहे. आतले अक्षरन् अक्षर मला वाचता येते; कोणता गठ्ठा कोणत्या सालाचा, हे मात्र उघडल्यावाचून कळत नाही.