चौदा टक्के कुणाचे?

शिरूर म्हटलं की पुण्यातल्या लोकांना घोडनदीचं शिरूर आठवतं. आमचं ते नव्हे. आमचं शिरूर कासार, बीड जिल्ह्यातलं, सिंदफणेच्या काठचं. मी गेली बरीच वर्षं पुण्यात कोड लिहून पोट भरतो, पण दिवाळीला गावी गेल्याशिवाय चैन पडत नाही.

या दिवाळीत पहाटे फिरायला निघालो तर रस्त्यावर पोरंच पोरं पळताना दिसली. पोलीस भरतीच्या 1600 मीटरची तयारी. त्यात आमचा पुतण्याही होता. बारावीला आहे, शालेय स्पर्धेत 3000 मीटरला विभागात दुसरा आला. दम खात त्यानं विचारलं, "नाना, पळण्यावर चांगलं कॉलेज भेटतं का ओ?"

"बघतो," मी म्हणालो. आमच्या धंद्यात 'बघतो' म्हणजे काय ते जाणकारांना ठाऊक आहे :)

मग परवा न्यू जर्सीहून मावसबहिणीचा फोन. लेक अकरावीत, नऊ वर्षांची असल्यापासून तलवारबाजी शिकते. "दादा, तू आकड्यांतला माणूस. हार्वर्डला लवकर अर्ज केला की तिप्पट चान्स म्हणतात. खरं का रे?"

प्रश्न एकच होता. खेळानं दार उघडतं का, आणि किती? आता मात्र 'बघतो' म्हणून सुटका नव्हती. शनिवारी बसलो कागद घेऊन.

डिसेंबर 2019 चे आकडे घेतले. हार्वर्डकडे लवकर आलेले अर्ज 6,424, त्यातून घेतले 895. म्हणजे जवळजवळ 14 टक्के. त्या वर्षीचे सगळे अर्ज मिळून 40,248 आणि प्रवेश 1,980, म्हणजे 5 टक्क्यांच्याही आत. वरवर पाहिलं तर बहिणीचं बरोबर आहे. तारीख बदला, नशीब बदला.

पण 895 मध्ये कोण कोण आहे? हे एरवी कळलं नसतं. हार्वर्डवर 2014 साली खटला झाला आणि प्रवेशाची सहा वर्षांची माहिती कोर्टात उघडी पडली. (तो खटला वंशाच्या मुद्द्यावर होता, 2023 साली सुप्रीम कोर्टानं हार्वर्डच्या विरोधात निकाल दिला. तो वेगळा विषय.) त्या माहितीत दिसलं ते असं: प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू अर्जदारांमध्ये 1 टक्क्याहून कमी, पण प्रवेश मिळालेल्यांत 10 टक्क्यांच्या वर. अशा खेळाडूनं अर्ज केला की प्रवेश मिळण्याचं प्रमाण 86 टक्के!

आता साधा हिशोब करू. तेच प्रमाण धरलं तर 1,980 मध्ये साधारण 200 खेळाडू. त्यांचे अर्ज सुमारे 230. हे सगळे लवकरच्या फेरीत आले असं समजू, कारण प्रशिक्षकांना संघ लवकर पक्का करायचा असतो. ते वजा केले तर उरतात 6,194 अर्जांत 695 जागा. 14 चे 11 झाले. अजून माजी विद्यार्थ्यांची मुलं, प्राध्यापकांची मुलं आणि देणगीदारांच्या ओळखीची मुलं वजा करायचीच आहेत. खेळाडू धरून हे चार गट अर्जदारांत 5 टक्के आणि प्रवेशांत 30 टक्के होते. शिवाय उरलेल्यांतही लवकर अर्ज करणारी मुलं बहुतेक तयारीची असतात. म्हणजे तारखेचा स्वतःचा गुण जाहिरातीत दिसतो त्याहून बराच कमी.

तर 14 टक्के ही सरासरी आहे. कुणासाठी 86, कुणासाठी 5. आपण कुठल्या रांगेत उभे आहोत हे न बघता सरासरी वाचणं म्हणजे मांजराची उंची सरासरीत धरून नदी ओलांडणं.

बरं, हा खेळ तरी कुठला? तलवारबाजी, नौकानयन, स्क्वॉश. आईबापांच्या पैशाशिवाय यातलं काही जमत नाही. त्यातूनच 2019 साली तिकडे तो घोटाळा उघड झाला. रिक सिंगर नावाच्या दलालानं, आयुष्यात वल्हं न मारलेल्या पोरी नौकानयनपटू म्हणून दाखवल्या. त्याचा शब्द होता 'बाजूचं दार'. हसू नका, आपल्याकडेही ट्रॅम्पोलिनची बनावट प्रमाणपत्रं दाखवून सरकारी नोकरीच्या 5 टक्के खेळाडू आरक्षणात शिरलेले लोक सापडले. दार केलं की दलाल आलाच.

मग आमच्या भागातल्या खऱ्या खेळाडूंचं काय? आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, 2017 साली स्टीपलचेस सुरू केली. 2022 साली बर्मिंगहॅमला रौप्य, 2023 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. आमच्या शेजारच्या पाटोद्याचा राहुल आवारे 2019 च्या जागतिक कुस्तीत कांस्यपदक मिळवून पुढे पोलीस उपअधीक्षक झाला. दोघांचाही मला अभिमान आहे. पण नीट बघा, खेळानं इथे वर्दी दिली. कॉलेजचं दार तिकडच्या तलवारबाजाला उघडतं, इकडच्या पळणाऱ्याला नाही.

खेळाडूंना जागा देऊ नयेत असं माझं म्हणणं नाही. खुशाल द्याव्यात, पण मोजून आणि वेगळ्या दाखवून. आयआयटी मद्रासनं 2024 पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी 2 जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलींसाठी. अट अशी की जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या यादीत नाव हवं आणि चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पदक हवं. जागा थोड्या आहेत, पण कुणाच्या आणि किती ते पोराला आधी कळतं. बाकीच्यांची टक्केवारीही फसवी होत नाही. हार्वर्डनं हे चार गट वेगळे छापले असते तर बहिणीला फोन करावा लागला नसता.

असो. बहिणीला सांगितलं, प्रशिक्षकाचं स्पष्ट बोलावणं असेल तर लवकर अर्ज कर, नसेल तर तिप्पट वगैरे विसर. आणि काही विद्यापीठांत लवकर अर्ज म्हणजे मिळाल्यावर जायलाच लागतं, दुसरीकडची शिष्यवृत्ती ताडून बघायची सोय नाही, ते आधी वाच. ती थोडी खट्टू झाली.

पुतण्याला फोन करणं अवघड गेलं. विभागातल्या दुसऱ्या नंबरावर आयआयटीचं दार उघडत नाही, हे सांगावं लागलं. पळणं सोडू नकोस, पण बारावीच्या गणिताचे पेपर रोज सोडव, फी आणि पुस्तकांचं मी बघतो.

"नाना, हे 'बघतो' कोणतं?" त्यानं विचारलं.

पैसे त्याच दिवशी पाठवले.