शत्रूविना येणारी संकटे

मालदीव हे हिंदी महासागरातील प्रवाळबेटांचे एक छोटे राष्ट्र आहे. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी सशस्त्र भाडोत्री टोळीने राजधानी माले येथील सत्ता उलथविण्याचा प्रयत्न केला. राष्ट्राध्यक्षांनी मदत मागताच त्याच रात्री भारतीय छत्रीधारी सैनिक तेथे पोहोचले आणि उठाव फसला. पुढे २६ वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, मालदीवने पुन्हा भारताकडे मदत मागितली. या वेळी हल्लेखोर कोणीच नव्हता. समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पात आग लागल्याने मालेतील सुमारे १ लाख रहिवाशांचे नळ कोरडे पडले होते. भारताने विमानांतून व नौदलाच्या जहाजांतून पिण्याचे पाणी धाडले.

या दोन प्रसंगांपैकी सुरक्षेचा प्रश्न कोणता? परंपरेने विचार केला, तर केवळ पहिला. कारण सीमा, सैन्य आणि शस्त्रे यांच्याच भाषेत आपण सुरक्षेचा विचार करीत आलो आहोत. परंतु तहानलेल्या नागरिकाच्या दृष्टीने दुसरे संकटही तितकेच जीवघेणे होते. पाकिस्तानी अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या १९९४ च्या अहवालाने हीच दृष्टी ‘मानवी सुरक्षा’ या नावाने जगापुढे मांडली. अन्न, आरोग्य व पर्यावरण यांवरील संकटे त्यामुळे सुरक्षेच्या चर्चेत आली. त्यांनाच अपारंपरिक धोके म्हणतात.

अशा धोक्यांना धाक दाखवून रोखता येत नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ उसळलेल्या त्सुनामी लाटांना तमिळनाडूचा किनारा गाठण्यास दोन तासांहून अधिक अवधी लागला. तेवढ्या वेळात किनाऱ्यावरील गावे रिकामी करता आली असती. पण हिंदी महासागरात पूर्वसूचनेची यंत्रणाच नव्हती. विविध देशांत मिळून दोन लाखांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर २००७ मध्ये हैदराबाद येथे भारताचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. २०२० मध्ये जगभर पसरलेल्या कोविडच्या साथीनेही हेच दाखविले, की विषाणूला सीमा ठाऊक नसते आणि शेजारी देश आजारी असता आपण निर्धास्त राहू शकत नाही.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. प्रत्येक संकटाला ‘सुरक्षेचा प्रश्न’ म्हटले, तर त्या शब्दाला अर्थ तो काय उरला? हा आक्षेप निराधार नाही. साथीला युद्ध म्हणता म्हणता समाज रुग्णालाच शत्रू मानू लागतो. स्थलांतरिताचे दुःख न पाहता त्याच्याकडे केवळ संशयाने पाहतो. म्हणून या संकल्पनेचा विस्तार करताना तिचे केंद्र ढळू देता कामा नये. सुरक्षित करावयाचा आहे तो माणूस, आणि त्यासाठी बंदुकीपेक्षा पूर्वतयारी व परस्पर सहकार्य अधिक उपयोगी पडते.

सैन्याची गरज यामुळे संपत नाही. मालेला पाणी पोहोचविले तेही सैन्यदलांनीच. तथापि राखीव पाणीसाठा, सुसज्ज आरोग्यकेंद्र आणि वेळेवर मिळणारी धोक्याची सूचना यांवरील खर्च हा संरक्षणावरील खर्चाइतकाच अपरिहार्य मानला पाहिजे. शांततेच्या काळात ज्यांनी ही तयारी टाळली, त्यांना संकटाच्या घडीला ती उसनी मागावी लागते आणि ती नेहमीच वेळेवर मिळेल, याची शाश्वती नसते.