वरच्या मजल्यावरची पहिली सीट
बेस्टची जुनी डबलडेकर 15 सप्टेंबर 2023 ला शेवटची धावली. 1937 पासून मुंबईकरांनी तिच्यावर जीव लावला होता. तिची जागा घ्यायला आलेली विजेवरची, वातानुकूलित डबलडेकर त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत रस्त्यावर उतरली, आणि मला ती मनापासून आवडते. दोन दारं, दोन जिने. त्यामुळे उतरणाऱ्यांची आणि चढणाऱ्यांची एकाच जिन्यात होणारी झटापट संपली. इंजिनाची घरघर नाही, सिग्नलला धूर नाही. सीएसएमटीहून 115 नंबरने एनसीपीएकडे निघालं की वरच्या मजल्यावरच्या पुढच्या मोठ्या काचेतून फोर्टमधल्या इमारतींचे सज्जे, कमानी, दगडातली नक्षी थेट डोळ्यांच्या पातळीवर येते; शहर असंही पाहता येतं. पण काच बंद. जुन्या गाडीत पुढच्या सीटसाठी पोरं भांडायची ती दृश्यापेक्षा तोंडावर येणाऱ्या भणाण वाऱ्यासाठी. मेच्या घामात एसी हवाच, त्याबद्दल वाद नाही. तरी पावसाळा सरल्यावर उघडता येईल अशी एखादी खिडकी नव्या आराखड्यात ठेवायला काय हरकत होती? पुढची गाडी आखणाऱ्यांनी हे जरूर मनावर घ्यावं.