कर कोणाचा, उपकार कोणावर?
डहाणू-तलासरीच्या आरशात शहरी करदात्याची तक्रार

विशेष प्रतिनिधी

अर्थसंकल्प केंद्राचा असो वा राज्याचा, तो सादर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी शहरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. कर आम्ही भरायचा आणि सरकारने तो फुकट वाटायचा! जून २०२४ मध्ये राज्य सरकारने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर करून पात्र महिलांना दरमहा दीड हजार रुपये देऊ केले, तेव्हापासून या तक्रारीला अधिकच धार आली आहे. मोफत धान्य, घरकुल, रोजगार हमी या साऱ्यांची गणना आता ‘रेवडी’ या एकाच शब्दात होऊ लागली आहे.

तक्रार पूर्णपणे निराधार आहे, असे नाही. जुलै २०२५ मध्ये खुद्द सरकारनेच या योजनेतील २६ लाखांहून अधिक खात्यांचा लाभ अपात्रतेच्या संशयावरून थांबविला. त्यांत १४ हजारांहून अधिक पुरुष निघाले. शासकीय सेवेतील महिलाही सापडल्या. करदात्याने याचा जाब विचारायलाच हवा. मात्र जाब विचारताना तो ज्या गरिबाकडे बोट दाखवतो, त्या गरिबाचे आणि त्याचे स्वतःचे आर्थिक नाते नेमके काय आहे, हे तपासायला हवे. त्यासाठी मुंबईपासून फार दूर जाण्याची गरज नाही. चर्चगेटहून सुटणारी उपनगरी गाडी २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत जाते.

पाव पगाराची नव्हे, दोनशे रुपयांची गोष्ट

नोकरदाराच्या पगारपत्रकावर दरमहा ‘व्यवसाय कर’ या नावाने दोनशे रुपये कापले जातात. फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. हा कर कशासाठी, हे विचारले तर बहुतेकांना सांगता येणार नाही. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या एका अभिमानास्पद प्रयोगात दडलेले आहे.

विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूरच्या अनुभवातून ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना मांडली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये रोजगार हमी योजना सुरू झाली. तिच्यासाठी पैसा कोठून आणायचा, या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. व्यवसाय कर, विक्रीकर व मोटार वाहन करावरील अधिभार, बागायती जमिनींवरील विशेष आकारणी यांचा निधी उभारायचा आणि तितकीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, अशी ती रचना होती.

या रचनेत एक सामाजिक करार होता. शहरातील पगारदाराने थोडी झळ सोसायची आणि त्या बदल्यात खेड्यातील भूमिहीनाने रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती उभारायची. कामाशिवाय दाम नाही आणि काम मागितल्यावर नकारही नाही. देशाने २००५ मध्ये ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याच्यापुढे महाराष्ट्राचाच आदर्श होता.

पुढे या कराराचे काय झाले, हे मात्र करदात्याला कोणी सांगितले नाही. कर गोळा होत राहिला आणि १९९० च्या दशकात रोजगार हमीवरील खर्च त्याच्या मागे पडत गेला. दुसरीकडे या कराची कमाल मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने बांधलेली आहे. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती अडीचशेवरून अडीच हजार रुपये झाली आणि तेथेच थांबली. याचा परिणाम विलक्षण आहे. महिना दहा हजारांहून अधिक पगार असलेल्या कोणत्याही पुरुष कर्मचाऱ्याला वर्षाला अडीच हजारच भरावे लागतात. तलासरीहून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत बारा हजारांवर राबणारा कामगार आणि नरिमन पॉइंटवरील कंपनीचा कोट्यवधींचे वेतन घेणारा अधिकारी, दोघांचा व्यवसाय कर सारखाच! महिलांना २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत सूट मिळाली, एवढाच काय तो दिलासा.

‘ते कर भरत नाहीत’ हे कितपत खरे?

डहाणू तालुक्यात आदिवासींचे प्रमाण सुमारे ७० टक्के, तर तलासरीत ते ९० टक्क्यांच्या आसपास आहे. यांतील बहुसंख्य कुटुंबांचा आयकराशी संबंध येत नाही, हे खरे. परंतु आयकर म्हणजेच कर, हा शहरी मध्यमवर्गाचा लाडका गैरसमज आहे. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे आणि तो वीटभट्टीवरचा मजूरही भरतो. साबण, बिस्किटे यांवर सप्टेंबर २०२५ पर्यंत हाच दर होता. तो आता ५ टक्क्यांवर आला आहे. अप्रत्यक्ष कराला गिऱ्हाइकाची ऐपत दिसत नाही. शिवाय गरिबाची मिळकत जवळजवळ सगळीच खर्च होते, त्यामुळे तिच्यावरील कराचा भार तुलनेने जड पडतो.

याच्या उलट वरच्या वर्गाला मिळणाऱ्या सवलतींना कोणी रेवडी म्हणत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असे सरकारनेच सांगितले होते. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द झाला. बारा लाखांपर्यंतचे वार्षिक उत्पन्न नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून करमुक्त झाले. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्तच आहे. त्यामुळे २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या घोलवडच्या चिकूचा मोठा बागायतदार आणि त्याच्या वाडीत फळे उतरविणारा वारली मजूर, दोघेही आयकराच्या दृष्टीने एकाच पंक्तीत बसतात. ‘कर न भरणारे’ म्हणून बोलणी मात्र मजूरच खातो.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. जुन्या करप्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याने गृहकर्जावरील दोन लाखांच्या व्याजाची वजावट घेतली, तर त्याचे किमान साठ हजार रुपये वाचतात. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे शंभर दिवस माती उपसणाऱ्या कुटुंबाला पूर्ण काम मिळाले, तरी हाती येणार ३१ हजार २०० रुपये. एकाने घर घेतले म्हणून सरकारने सोडलेली रक्कम दुसऱ्याच्या शंभर दिवसांच्या घामाच्या जवळपास दुप्पट ठरते. पहिली सवलत ‘हक्काची’ आणि दुसरी मजुरी ‘खैरात’, हे वर्गीकरण कोणत्या न्यायाने केले जाते?

देणे कोणाचे, घेणे कोणाचे

कराच्या पावत्यांत न दिसणारा आणखी एक व्यवहार आहे. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्रातील ५०० मेगावॉट वीज १९९० च्या दशकापासून मुंबईच्या उपनगरांसाठी निर्माण होत आली. कोळशाची राख आणि धूर मात्र डहाणूतच राहिला. हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील असल्याचे केंद्राने १९९१ मध्येच अधिसूचित केले होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण नेमावे लागले, यावरून या किमतीची कल्पना यावी.

पाण्याचीही तीच कथा. सूर्या नदीवरील धरणाचा मूळ हेतू या पट्ट्यातील शेतीचे सिंचन हा होता. आज सूर्या प्रादेशिक योजनेचे दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांसाठी राखलेले आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आणि मुंबई-दिल्ली द्रुतगती महामार्ग याच भूमीवरून जातात. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ७६ हजार २२० कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा त्याला असलेला विरोध सर्वश्रुत आहे. जमीन, पाणी, वीज आणि समुद्र यांचे मोल रोखीत मांडले, तर डहाणू-तलासरी शहराचे देणेकरी ठरतात की धनको, हा हिशेब एकदा व्हायला हवा.

श्रमाचाही हिशेब त्यातच येतो. भात कापून झाला, दिवाळी सरली की येथील कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. कित्येक जण सीमेपलीकडे उंबरगाव, वापीच्या कारखान्यांत जातात. तरुण गुजरातच्या बंदरांतील मासेमारी नौकांवर खलाशी होतात. सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगांत खितपत पडलेल्यांमध्ये डहाणू-तलासरीचे खलाशीही होते. फुकटच्या धान्यामुळे माणसे आळशी झाली, असे म्हणणाऱ्यांनी या वाटांवरील गर्दी पाहावी.

बारा आण्यांचा धडा

‘हल्ली मजूर मिळत नाहीत’ ही तक्रारही जुनीच आहे. या भागात मजूर सहज मिळण्याचा एक काळ होता, पण तो वेठबिगारीचा होता. लग्नासाठी सावकाराकडून शे-दोनशे रुपये उचल घ्यायची आणि नवरा-बायकोने आयुष्यभर त्याच्या घरी राबायचे, अशा ‘लग्नगडी’ पद्धतीत वारली समाज अडकला होता. पावसाळ्यातील उपासमार टाळण्यासाठी घेतलेली खावटी त्याला अधिकच जखडून टाकी. मे १९४५ मध्ये आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी आदिवासींनी वेठ नाकारली. दिवसाला किमान बारा आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचे नाही, असा निर्धार केला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी किसान सभेतर्फे उभारलेल्या या लढ्यात १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोळीबार झाला आणि आदिवासींचे बळी गेले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात या साऱ्याची नोंद आहे.

या इतिहासाचा आजच्या वादाशी थेट संबंध आहे. ज्याच्या घरात महिनाभराचे धान्य आहे, त्याला पडेल त्या मजुरीला होकार द्यावा लागत नाही. रोजगार हमी, मोफत धान्य, २०२० मध्ये पुन्हा सुरू केलेले चार हजार रुपयांचे खावटी अनुदान यांचे मोल केवळ रुपयांत नाही. मजुराला ‘नाही’ म्हणण्याची ताकद त्यातून मिळते. अशा योजनांविषयीच्या रागाचा एक भाग या ताकदीविरुद्ध आहे, हे मान्य करायला हवे.

नवा कायदा, जुनी शंका

या पार्श्वभूमीवर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी संमत केलेल्या ‘व्हीबी-जी राम जी’ कायद्याकडे पाहावे लागेल. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, ही जमेची बाजू. परंतु आजवर अकुशल मजुरीचा संपूर्ण भार केंद्र उचलत होते. नव्या रचनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा द्यावा लागणार आहे. केंद्राने ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडील खर्चही राज्याचाच. शिवाय पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातून ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. शेतमालकाला मजूर मिळावा, हा तिचा हेतू. मजुराच्या बाजूने पाहिले तर नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या हातातील पर्याय काढून घेतला जातो.

राज्याच्या तिजोरीची अवस्था सर्वांना ठाऊक आहे. लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी मे २०२५ मध्ये आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळविण्यात आले. पैसा आदिवासी भगिनींनाच मिळणार, असे त्याचे समर्थन झाले. पण आश्रमशाळा, वसतिगृहे, रस्ते यांसाठीचा निधी दीड हजारांच्या हप्त्यात वाटून टाकणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. जो रस्ता झाला असता, तो पंधराशे रुपयांत कोणत्याही भगिनीला बांधता येत नाही.

शहरी करदात्याने संतापावे, ते येथे. रोजगार हमीच्या नावाने आपल्या पगारातून पन्नास वर्षे कापला जाणारा कर कोठे जातो, राज्याचा ४० टक्के वाटा त्यातून उभा राहणार की नाही, काम मागूनही पंधरा दिवसांत ते न मिळालेल्या किती मजुरांना कायद्याने देय असलेला बेरोजगार भत्ता दिला गेला, हे प्रश्न त्याने विचारावेत. तसेच, कोट्यधीश आणि कामगार यांना एकाच मापाने मोजणारी अडीच हजारांची मर्यादा १९८८ नंतर का बदलली नाही, हेही विचारावे. यांतील प्रत्येक प्रश्नात करदात्याचे आणि तलासरीच्या मजुराचे हित एकच आहे.

पागे यांच्या योजनेत शहराला दाता आणि खेड्याला याचक मानलेले नव्हते. दोघेही एका कराराचे भागीदार होते. तो करार शहराला विस्मरणात गेला आहे. सरकारला मात्र तो सोयीचा तेवढाच आठवतो, कारण कर अजूनही दरमहा न चुकता कापला जातो.