नोंदी आपल्या, निधीही आपला हवा



ब्राझीलमधील बेलेम येथे नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेल्या हवामान परिषदेत अनुकूलनासाठीचा, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठीचा, निधी २०३५ पर्यंत तिप्पट करण्याचे आवाहन करण्यात आले. त्यावर आपल्याकडे झालेली चर्चा श्रीमंत देश पैसे देणार की नाही, याच प्रश्नाभोवती फिरत राहिली. पण प्रश्न एवढाच नाही. बदलत्या हवामानात शेतकरी तग कसा धरतो, याचे संशोधन देशोदेशींच्या सहकार्याने होत असते. त्यात आपण बहुतेक वेळा केवळ अभ्यासाचे क्षेत्र असतो. खिशातून पैसे घालून बरोबरीचे भागीदार आपण कधी होणार, हे मला विचारायचे आहे.

अशा संशोधनाचे जगभर गाजलेले उदाहरण सोलापूर जिल्ह्यातच आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७५ मध्ये कोरडवाहू भागातली सहा गावे अभ्यासासाठी निवडली. सोलापूरची शिरापूर आणि कळमण, अकोल्यातली दोन आणि तेव्हाच्या महबूबनगर जिल्ह्यातली दोन. गावातच मुक्कामाला असलेला माणूस दर तीन-चार आठवड्यांनी त्याच ठरलेल्या घरांत जायचा. ज्वारी किती झाली, कर्ज कोणाकडून काढले, मजुरीचे दिवस किती भरले, बैल घेतला की विकला, सगळे लिहून घ्यायचा. सोलापूरच्या भारी काळ्या रानात खरीप मोकळा ठेवून मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी घेतात. महबूबनगरच्या तांबड्या जमिनीत ओल टिकतच नाही. त्यामुळे पाऊस ओढ देतो तेव्हा दोन्हीकडची माणसे वेगळे निर्णय घेतात. हा फरक वर्षानुवर्षे त्याच घरांत गेल्याशिवाय दिसत नाही.

या नोंदींतून काय हाती लागले, त्याचा एकच दाखला देतो. रोझेनझ्वाइग आणि स्टार्क या अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये या नोंदींच्या आधारे दाखवले, की लेकी लांबच्या गावी देणाऱ्या कुटुंबांना पीक बुडाल्यावर घरखर्चाचा फटका कमी बसतो. एका शिवारात पाऊस पडला नाही तरी सोयऱ्यांच्या शिवारात पडलेला असतो. आपल्या घरांतली ही गोष्ट जगाने आपल्या आधी वाचली.

आणि मग १९८५ च्या सुमारास या सलग नोंदी थांबल्या, त्या २००१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. १९८७ चा देशव्यापी दुष्काळ नेमका मधल्या खंडात येऊन गेला. दहा वर्षे ज्या घरांचा हिशेब ठेवला, त्या घरांनी त्या दुष्काळात काय विकले, काय राखले, याची तशी वही नाही. राज्य सरकारने किंवा कृषी विद्यापीठांनी ते काम तेव्हा उचलून धरले असते, तर तपासनिसांचे पगार आणि छपाई एवढाच खर्च होता. पुढे २००९ मध्ये अभ्यासाचा विस्तार झाला, तोही अमेरिकेतल्या गेट्स फाउंडेशनच्या पैशावर.

परदेशी निधी वाईट असतो, असे मी म्हणत नाही. ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून २०१२ मध्ये ‘कारिया’ हा आफ्रिका आणि आशियासाठीचा अनुकूलन संशोधन कार्यक्रम सुरू केला. त्यातून आपल्या संगमनेर भागातही चांगले काम झाले. पण त्या कार्यक्रमाला मुदत होती आणि ती संपली. पुढे ब्रिटनने २०२१ मध्ये परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ वरून ०.५ टक्क्यांवर आणली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मदतनिधी गोठवताच १९८५ पासून चाललेली दुष्काळाची पूर्वसूचना देणारी यंत्रणाही बंद पडली होती. लंडन-वॉशिंग्टनच्या अर्थसंकल्पावर आपल्या दुष्काळाच्या नोंदी अवलंबून ठेवायच्या का?

‘संशोधनावर पैसे घालवण्यापेक्षा शेततळी द्या’, असे कोणी म्हणेल. मी कृषी खात्यात नोकरी केली आहे, म्हणून सांगतो. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरला, की कित्येक ठिकाणी ते पावसाने भरत नाही, बोअरच्या पाण्याने भरतात. जमिनीखालचे पाणी वर आणून उन्हात ठेवायचे, ते वाफ होऊन जाते आणि शेजाऱ्याची विहीर आटते. योजनेच्या आकड्यात मात्र तळे ‘पूर्ण’ असते. हे कळायला त्याच गावात चार-सहा उन्हाळे जावे लागते. पाच वर्षांच्या प्रकल्पाला त्यातले दोन सुकाळी मिळाले, तर निष्कर्षच फिरतो.

अशा लांब पल्ल्याच्या नोंदींसाठी आधार आपल्याकडे आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा ‘निक्रा’ हा हवामान-अनुकूल शेतीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०११ पासून आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ मध्ये मंजूर झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पाच हजारांवर गावे घेतली गेली. त्यांतली पन्नास गावे निवडून राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीच्या विद्यापीठांनी निदान तीस वर्षे नोंदी ठेवाव्यात आणि खर्च राज्याने व ‘निक्रा’ने वाटून घ्यावा. मग इथिओपिया, केनिया, सेनेगल यांच्या राष्ट्रीय संशोधन संस्थांना बरोबरीने बोलवावे. त्यांच्याकडेही कुठे कुठे काळी रानं आहेत, ज्वारी-बाजरी आहे आणि पावसाची बेभरवशाची तऱ्हा आहे. ब्रिटन-कॅनडाने यावे, पण प्रश्न आपण ठरवावेत. नोंदी विद्यापीठात राहाव्यात, घरांची नावे वगळून सर्वांना खुल्या असाव्यात आणि दरवर्षी त्यांचा मराठी गोषवारा त्या त्या ग्रामसभेत वाचला जावा. कारण बोअर घ्यायची की नाही, हे शेवटी तिथेच ठरते.

राज्याच्या येत्या अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष हवे. सोलापूर आणि अकोल्याच्या आमदारांनी ही मागणी पक्षभेद बाजूला ठेवून सभागृहात लावून धरावी, ही विनंती.

— एक निवृत्त कृषी पर्यवेक्षक, मोहोळ (जि. सोलापूर)